शून्य नंबरचा तहसीलदार

“अरे, शून्य एकाच्या आधी कसा येईल? शून्याला किंमत असती का कुठं? बंद कर ते! सिध्या, बंद कर म्हणलं ना!”

माणिकराव पाटील त्यांच्या ओसरीवरून ओरडत होते आणि मी वेशीजवळच्या लिंबाच्या झाडावर बसून ऐकत होतो. मध्ये अख्खं गाव होतं, तरी शब्द न् शब्द कळत होता. पाटलांचा आवाजच तसा. त्या दिवशी रेणापूरच्या बाजारातली माणसं ‘जी पाटील’ म्हणून मागं वळली असतील. इकडं इस्लापूरच्या बाजूचा सहस्रकुंडाचा धबधबासुद्धा, आपल्यापेक्षा मोठा आवाज कुणाचा म्हणून क्षणभर थबकला होता, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. कुणीच खोटं म्हणालं नाही. ज्यांनी पाटलांना ऐकलंय ते म्हणणारच नाहीत.

पाटलांच्या एका हातात सजवलेल्या बैलांचा कासरा होता, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर दोन चिमुकले बैल डुलत डुलत वेशीकडं निघाले होते. गावातल्या प्रत्येक मोबाइलवर तेच दिसत होतं. आणि ते बैल पाटलांचे नव्हते. तो आमचा तहसीलदार होता.

तहसीलदार म्हणजे आमचा बैल. जोडीतल्या दुसऱ्याचं नाव वकील. दोघांची बारशी माझ्या वडिलांनी केली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गाव किसनदादा म्हणतं. नावं अशी का, असं विचारलं तर अण्णा म्हणायचे, “सातबाऱ्यापायी जलमभर ह्या दोघांच्या दारात टोपी काढून हुबा ऱ्हायलो. आता सकाळ-संध्याकाळ त्यांना ‘हाट्’ म्हणतो.” वावरात अण्णांचा आवाज चढायचा, “तहसीलदारा, सरळ चाल की! खातो लई, चालतो कमी!” एकदा म्हणे रस्त्यावरून जाणारी एक सरकारी जीप हे ऐकून थांबली. आतल्या साहेबांनी काच खाली केली, थोडा वेळ ऐकलं, काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चल, ह्या माणसाला सगळं माहीत आहे.”

आज पुन्हा पोळा आहे. मी नांदेडात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसलोय, समोर हैदराबादच्या एका कंपनीचा प्रोग्राम उघडलाय आणि तो चालत नाहीये. खाली चौकात एक बाई मातीचे बैल विकत बसलीय. पावसाची भुरभुर आली की ती बैलांवर प्लास्टिक घालते, उघडीप झाली की काढते. बैल ओले झाले तर त्यांचा रंग उतरतो. मी एक जोडी आणून संगणकाच्या दोन बाजूंना ठेवलीय. प्रोग्राम अडला की मी त्यांच्याकडं बघतो. ते माझ्याकडं बघतात. चूक कुणाची, ह्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

माझं पोट चुकांवर चालतं. लोकांना वाटतं, प्रोग्रामर म्हणजे काहीतरी नवं घडवणारा. कसलं काय! दिवसातून थोडा वेळ लिहायचं आणि उरलेला सगळा वेळ आपणच काय लिहून ठेवलंय ते शोधत बसायचं. आणि एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळलीय: यंत्र चुकत नाही. यंत्राला जे सांगितलं, तेच ते करतं. नडतो तो माणूस, कारण त्याला सांगायचं एक असतं, वाटतं दुसरं आणि गृहीत धरलेलं असतं तिसरंच. हल्ली तर कोडसुद्धा यंत्रंच लिहायला लागलीत. चुकीचं लिहितात, पण असल्या ठसक्यात लिहितात की मला दरवेळी माणिकराव पाटील आठवतात.

आमच्या गावचा पोळा असा असायचा: वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं. सगळ्या जोड्या सजून वेशीबाहेर उभ्या करायच्या. मग पाटलांची मानाची जोडी पहिली निघायची, तिच्या शिंगांनी तोरण तुटायचं, पोरं पानं लुटायची आणि मग बाकीची गुरं मानाप्रमाणे एकामागं एक गावात शिरायची. मानाप्रमाणे म्हणजे आमची शेवटची. आमच्या वाट्याला तोरण कधी आलंच नाही. यायची ती लोंबती सुतळी.

गंमत बघा. माझे आजोबा एके काळी ह्याच मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असायचे. पाटलांच्या बैलांपुढं हलगी वाजवत. मग छप्पन्न सालानंतर त्यांनी धम्म स्वीकारला, हलगी खाली ठेवली, ‘ह्यापुढं वाजवणार न्हाई’ म्हणून सांगितलं आणि हळूहळू स्वतःची जमीन केली, स्वतःची बैलजोडी केली. झालं! हलगीवाला होता तोवर पुढं. बैलवाला झाला तसा मागं. आमच्या घरात पोळ्याला पूजा-आरती नसते, पण बैलांचं कौतुक सगळं असतं. अण्णा म्हणतात, “देव न्हाई मानत. पण वर्षभर वढलेलं मानावं लागतं.” आदल्या दिवशी ते बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे, घट्ट्यांवरून बोटं फिरवायचे आणि कानात म्हणायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवाय या.” तहसीलदार कान हलवायचा. वकील मान फिरवायचा. वकिलाला आधी सगळं तपासून घ्यायची सवय.

तर ते टाळेबंदीचं वर्ष. सगळी दुनिया घरात कोंडलेली आणि मी लॅपटॉप घेऊन गावी परतलेलो. नांदेडहून अहमदपूर, तिथून दुधाच्या गाडीत कॅनच्या मध्ये बसून आत. गावात नेटवर्क असं नव्हतंच. ते राहायचं वेशीजवळच्या लिंबाच्या शेंड्याला. म्हणून मी फांदीला बाज बांधली आणि तिथंच ऑफिस थाटलं. हैदराबादचे साहेब व्हिडिओवर विचारायचे, मागं एवढं हिरवंगार काय आहे? मी म्हणायचो, कॅम्पस. लॅपटॉपच्या गरम हवेवर एका चिमणीनं अंडी उबवली. पिल्लं निघाली तेव्हा ती चिवचिवण्याआधी कीबोर्डसारखी टकटक करायची.

पोळा तोंडावर आला आणि गावात एकच घोर: गर्दीला बंदी, मग पोळा कसा होणार? ठाण्याचे शेख जमादार येऊन सांगून गेले, “एक टाइम में एक जोडी, एक आदमी. भीड नक्को. बाकी लोगां घर से देखो.” आता एक जोडी वेशीतून गेली, हे दुसऱ्याला घरात बसून कळणार कसं? सरपंच शोभाताई झाडाखाली आल्या, पदर खोचून वर बघत म्हणाल्या, “सिद्धार्थ, तू दिवसभर वर बसून काय करून राहिलास? गावासाठी कायतरी कर की. नंबर लागला की मोबाइल वाजला पाहिजे, असं कर.”

मी केलं. नुसती रांग लावून थांबलो असतो तर मी कसला! लहानपणी अहमदपूरच्या स्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एसटी चुकली की मी तिथं शिरायचो आणि दुकानात शिरायचं म्हणून एसटी चुकवायचो. एक चिमुकला माणूस उड्या मारत जायचा, खड्ड्यात पडायचा, पुन्हा उठायचा. त्याला तीन जीव असायचे. तिसरा गेला की दुकानदार कॉलर धरून उठवायचा. तसलाच खेळ मी पोळ्याचा केला. गावातल्या प्रत्येक जोडीचं चित्र, खऱ्या ठिपक्यांसकट. खरी जोडी घरातून निघाली की मालकानं आपल्या मोबाइलवर बोट ठेवायचं आणि चित्रातली जोडी सगळ्यांच्या पडद्यावर चालायला लागायची. नंबर आला की बैलाच्या गळ्यातल्या घागऱ्यांचा आवाज.

पहिल्या प्रयत्नात सगळे बैल शेपटीकडून चालले. दुसऱ्यात शोभाताईंचा बैल देवळाच्या कळसावर चढला आणि उतरेना. तिसऱ्यात अण्णांची जोडी पडद्यावर वाढतच गेली, दोनाचे चार, चाराचे आठ, अख्खं गाव तहसीलदारांनी भरून गेलं. अण्णा झाडाखालून बघत होते. म्हणाले, “हे नगं. एक सांभाळताना जीव जातो.”

त्याच झाडाखाली माय भाकरी घेऊन आली होती तेव्हा मला खरी गोष्ट कळली. अण्णा औताला गेले होते. माय वर बघून म्हणाली, “तहसीलदाराचे दात बघितले का? झिजून गेलेत. कडबासुद्धा कुटून घालावा लागतो. पुढच्या पोळ्याला चालत न्हाई तो वेशीपर्यंत.” मी म्हणालो, बसवून खाऊ घालू. “ते तर घालतीलच तुझे अण्णा. पण त्यांच्या मनात एक हाय. म्हणत न्हाईत कुणाला. एकदा ह्याला अख्ख्या तोरणाखालून न्यायचं हाय त्यांना. सुतळीखालून न्हाई.”

हा माणूस माझ्याकडं कधी काही मागत नाही. मी पहिला पगार हातात दिला तर उलटून-पालटून बघून परत खिशात कोंबला होता माझ्या. आणि मागणं होतं ते हे. अख्खी आंब्याची पानं. ती पण दुसऱ्याच्या मानाची.

बैठक शाळेच्या पडवीत झाली. सगळे लांब लांब बसलेले, मास्क हनुवटीवर, त्यामुळं साधं ‘चहा घ्या’सुद्धा भांडणासारखं ऐकू येत होतं. मी प्रोग्राम समजावला. नंबर कसे द्यायचे म्हणून विचारलं. पाटील मांडी बदलून म्हणाले, “नंबर काय द्यायचे? मान हाय तसा. एक नंबर आमचा. एक म्हंजी एक. बापजाद्यांपासून एक.”

“पाटील,” मी म्हणालो, “कंप्युटर शून्यापासून मोजतो. त्याचा पहिला नंबर शून्य असतो.”

“मला शून्य देतो काय रे?” पाटील उसळले. “माणिकराव पाटलाला शून्य? शाळेत भोपळा कुणाला मिळत होता ते विचार गावाला!”

“पण पाटील, आधी शून्य येतो आणि मग…”

“एकाच्या आधी काय नसतं! पहिलीच्या पोराला ठावं हाय. तुझा शून्य तुझ्याकडंच ठेव.” मग त्यांनी अण्णांकडं बघितलं, आणि सगळ्यांना हसू येईल अशा बेतानं म्हणाले, “किसनला दे. शेवटचा तर हाय त्यो. शेवटाला शून्य शोभतो.”

पडवी हसली. शोभाताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांची पोरगी लातूरला शिकायची, कंप्युटरच्या चार गोष्टी त्यांच्या कानावर होत्या. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “बघा बरं पाटील, नंतर तक्रार नको. एक तुमचा, शून्य किसनदादांचा. ठरलं ना?”

“ठरलं! दगडावरची रेघ!”

अण्णा खाली बघत काडीनं मातीत काहीतरी गिरवत होते. म्हणाले, “द्या.”

घरी जाताना अर्ध्या वाटेत अण्णांनी विचारलं, “शून्य म्हंजी किती?”

“शून्य म्हंजी पहिला, अण्णा.”

ते थोडं चालले. “त्यांना सांगितलंस तू?”

“सांगितलं की. तुमच्यासमोरच.”

“मोठ्यानं?”

“ह्याहून मोठ्यानं मला येत नाही.”

“मग झालं,” अण्णा म्हणाले, आणि त्यांची चाल, मी शपथेवर सांगतो, एक वीतभर लांब झाली.

हल्ली बातम्या लावल्या की मला ती पडवी आठवते. कोण पहिला, कोणाचा मान, कोणाचं नाव आधी, कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसलं. चौकटीत आठ-आठ माणसं एकदम ओरडतात आणि मधला निवेदक त्या सगळ्यांच्या वर ओरडतो. सगळ्यांना एक नंबर पाहिजे. मोजायला सुरुवात कुठून होते, हे विचारायला कुणाला सवड नाही. जगातल्या निम्म्या भानगडी मला वाटतं इथूनच होतात. आमच्या धंद्यात तर होतातच. कुंपणाला खांब किती लागतील, हा साधा हिशेब करताना भल्या भल्या इंजिनियरांचा एक खांब कमी पडतो आणि गुरं शेतात शिरतात.

पोळ्याच्या दिवशी दुपारपासून मी झाडावर होतो. गेममध्ये शेवटच्या पायरीला एक धिप्पाड गडी असतो, तो हरला की खेळ जिंकला. माझा धिप्पाड गडी ओसरीवर फेटा बांधून बसलेला मला वरून दिसत होता. फरक एवढाच, की तहसीलदाराला तीन जीव नव्हते. त्याला हा एकच पोळा होता. प्रोग्राम अडकला असता, नेटवर्क गेलं असतं, चिमणीनं नको ते बटण दाबलं असतं, तर मानाची जोडी जुन्या रीतीनं निघणार आणि पुढच्या वर्षी कुणाला न्यायचं वेशीत? मी चिमणीला हात जोडले.

ऊन कललं. शेख जमादारांनी वेशीत उभं राहून शिट्टी मारली. मी बटण दाबलं.

घागऱ्या वाजल्या. आमच्या घरात वाजल्या.

अण्णा दारातच तयार होते. तहसीलदाराच्या अंगावर मायनं जुन्या लुगड्यांची शिवलेली झूल, शिंगांना हिंगूळ, मधोमध चंदेरी बेगड. वकिलाच्या गळ्यात सगळ्या नातेवाइकांकडून गोळा केलेल्या घागऱ्या. रिकाम्या गावातून ती जोडी निघाली आणि घराघरातून मोबाइलवर तीच निघाली. तेव्हाच पाटलांचा तो आवाज आला. शून्य एकाच्या आधी कसा येईल म्हणून.

“पाटील, ठरलंय!” शोभाताई ओट्यावरून म्हणाल्या.

“मशीन बिघडलंय! रिस्टार्ट मार सिध्या!”

“पाटील, बैल निघालाय! बैलाला रिस्टार्ट कुठून मारू?”

घराघरांतून हसण्याचा जो फवारा उडाला, त्यानं माझी फांदी हलली. पाटील कासरा घेऊन तरातरा पुढं आले. शेख जमादारांनी दांडका आडवा धरला. “नंबर से आव पाटील. शून्य जारा. फिर एक.”

आणि मग तहसीलदार बाहेरून वळसा घालून वेशीत येऊन उभा राहिला. हललाच नाही. प्रोग्राम चालू होता, नेटवर्क होतं, चिमणी गप्प होती आणि बैल हँग झाला होता. त्यानं आयुष्यात कधी तोरणाला पानं बघितली नव्हती. त्यानं मान वर केली. हुंगलं. अण्णांनी त्याला ‘हाट्’ म्हटलं नाही, ओढलं नाही, नुसता कासरा सैल सोडून उभे राहिले. पाटील मागून ओरडत होते. अख्खं गाव मोबाइलकडं बघत होतं, जिथं चित्रातला तहसीलदार इमानेइतबारे चालत सुटला होता आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचलासुद्धा होता.

खऱ्या तहसीलदारानं मग मानाचं तोरण शिंगानं तोडलं नाही. खाल्लं.

शांतपणे. झिजलेल्या दातांनी एक एक पान चघळत. गावच्या सगळ्या पिढ्यांच्या मानाचा त्यानं साग्रसंगीत फराळ केला. वकिलानं शेजारून दोन पानं तपासून घेतली. मग दोघं मिळून असे काही निघाले, की तसा थाट मी दिल्लीच्या संचलनातसुद्धा टीव्हीवर बघितलेला नाही. ओट्याओट्यावरून थाळ्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या. म्हाताऱ्या सखूआजीनं खिडकीतून ज्वारीचे दाणे उधळले. शेख जमादारांनी दांडका काखेत मारून चक्क सलाम ठोकला, आता बैलाला की नावाला, ते त्यांनाच माहीत. पाटील दोन नंबरनं शिरले. त्यांच्या बैलांना उरलेली सुतळी मिळाली. शिंगांना लागली आणि तुटलीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी बंदी उठली आणि पाटलांचा निरोप आला, यंदा शून्य आम्हाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी आणखी चार जणांचे आले. शेवटी शोभाताईंनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी चिठ्ठ्याच टाकतात. गावात आता बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त झालेत. तेही फुगे बांधून रांगेत उभे राहतात, चिठ्ठी निघाली की धूर सोडत तोरणाखालून जातात. ट्रॅक्टरनं अजून तोरण खाल्लेलं नाही. तेवढा आमचा विक्रम शाबूत आहे. मी तो नांदेडात, लातूरला, हैदराबादच्या साहेबांना सांगतो, आणि प्रत्येक वेळी तोरण थोडं लांब होतं. परवा सांगितलं तेव्हा ते अहमदपूरपर्यंत पोचलं होतं.

त्या दिवशी मी झाडावरून उतरून गोठ्यात धावलो, तेव्हा बैल पुरणपोळी खाऊन झाले होते आणि अण्णा तहसीलदाराची झूल काढून नीट घडी घालत होते. माझी छाती फुगून सदऱ्याची बटणं तुटायच्या बेतात होती. आजोबांची हलगी, एवढ्या वर्षांची शेवटची जागा, पाटलांचा उतरलेला चेहरा, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मला वाटत होतं, आज हा माणूस काहीतरी बोलणार. दगडावर कोरून ठेवण्यासारखं.

“अण्णा,” मी विचारलं, “सगळ्यांच्या पुढं जाताना कसं वाटलं?”

अण्णांनी घडी खुंटीवर टाकली.

“वाटंत शेण नव्हतं,” म्हणाले.